लँकेशायरच्या गिरणी कामगार स्त्रिया आणि मताधिकाराचा लढा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या स्त्रिया नेमक्या कोण होत्या?

इंग्लंडच्या वायव्येला, मँचेस्टरच्या आसपास पसरलेल्या लँकेशायर परगण्यातील सुती गिरण्यांत काम करणाऱ्या या स्त्रिया होत. ब्लॅकबर्न, बर्नली, नेल्सन, बोल्टन, ओल्डहॅम ही त्यांची गावे. इंग्लंडच्या बऱ्याच भागांत लग्न झालेल्या बाईने मजुरीसाठी घराबाहेर पडणे कमीपणाचे मानले जात असताना या गावांत मात्र विणकर बाई लग्नानंतरही मागावर उभी राहत असे आणि तिची मजुरी घरखर्चाच्या हिशेबात आधीपासूनच धरलेली असे. १९०० ते १९१४ या काळात यांतल्या हजारो जणींनी स्त्रियांच्या मताधिकारासाठी सह्या केल्या, वर्गण्या दिल्या आणि सभा घेतल्या. काही जणी पुढे पगारी प्रचारक झाल्या.

मराठी वाचकाला इंग्लंडमधील मताधिकाराची चळवळ म्हटली की पँकहर्स्ट मायलेकी, फुटलेल्या काचा आणि तुरुंगातले उपोषण आठवते. ते खरेच आहे. पण ती चळवळीची पुढची आणि बरीचशी लंडनमधली बाजू झाली. गिरणीच्या फाटकावरचे काम त्याच्या आधी सुरू झाले होते आणि त्याची भाषाही निराळी होती. या बायका मताविषयी बोलू लागल्या की दोन वाक्यांत मजुरीवर येत.

‘सफ्रजिस्ट’ आणि ‘सफ्रजेट’ यांत फरक काय?

मराठीत दोघींनाही आपण ‘मताधिकारवादी’ म्हणतो आणि त्यामुळे घोटाळा होतो. सभा, अर्ज, निवेदने अशा सनदशीर मार्गाने जाणाऱ्या त्या सफ्रजिस्ट. त्यांच्या बहुतेक संस्था १८९७ पासून मिलिसेंट फॉसेट यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रीय महासंघात एकत्र आल्या होत्या. ‘सफ्रजेट’ हा शब्द १९०६ मध्ये ‘डेली मेल’ या वृत्तपत्राने हिणवण्यासाठी काढला आणि एमेलिन पँकहर्स्ट यांच्या जहाल संघटनेने तो अभिमानाने स्वीकारला. गिरणी कामगार स्त्रिया मोठ्या संख्येने पहिल्या गटात होत्या. मात्र त्या गटातील सुखवस्तू बायकांशी त्यांचे सर्व बाबतींत पटत होते असे समजू नये.

गिरणीतील कामाची परिस्थिती कशी होती?

मुले शिकत असतानाच गिरणीत जात. अर्धा दिवस गिरणी आणि अर्धा दिवस शाळा अशी पद्धत कायद्याने मान्य होती. तिचे वय आधी १० वर्षे होते, १८९३ मध्ये ते ११ झाले आणि १८९९ च्या कायद्याने १२. सकाळी सहाला उठून सूत सांधलेले मूल दुपारी वर्गात पेंगत असे, हे शिक्षकांनाही ठाऊक होते. पण दोन पैसे घरात येत म्हणून आईबाप आणि पुष्कळदा कामगार संघटनाही ही पद्धत मोडायला राजी नसत.

मागखात्यात शेकडो माग एकाच वेळी चालत, त्यामुळे कान निकामी होत आणि बायका ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखायला शिकत. सूत तुटू नये म्हणून हवेत वाफ सोडली जाई; ओल्या अंगाने बाहेरच्या थंडीत पडले की खोकला जडे. धोट्यातील, म्हणजे मागावर आडवे सूत इकडून तिकडे नेणाऱ्या लाकडी साधनातील, कांडी संपली की नवी कांडी घालून सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून काढावे लागे. एकच धोटा अनेकींच्या तोंडी लागे. या प्रकाराला तिथे ‘धोट्याचा मुका घेणे’ असे थट्टेने म्हणत, आणि इंग्लंडमध्ये त्यावर बंदी यायला १९५२ साल उजाडले. कापडात खोट निघाली की दंड होई. मागांची दुरुस्ती करणारा आणि मजुरांवर देखरेख ठेवणारा माणूस नेहमी पुरुषच असे. मुंबईच्या गिरणीतला जॉबर ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याची सत्ता वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र या विणकर बायकांच्या बाजूची होती. कापडाच्या नगावर मजुरी मोजण्याचा दर स्त्री-पुरुषांना सारखा होता आणि १८९२ मध्ये तो परगणाभर एकसमान ठरला. पुरुषांच्या वाट्याला जास्त माग येत, त्यामुळे आठवड्याची कमाई सारखी होत नसे हे खरे. तरीही एकाच कामाला एकच दर हे तत्त्व इतर धंद्यांतील बायकांना स्वप्नातही दिसत नव्हते. शिवणकामाचे कारखाने, साखळ्या घडवण्याच्या भट्ट्या, घरी बसून ब्रश किंवा आगपेट्या करण्याची कामे येथे बायकांची मजुरी पुरुषांच्या निम्म्यावर किंवा त्याहून खाली राही.

संघटना होतीच, मग मत कशासाठी हवे होते?

हा प्रश्न त्या काळीही विचारला जाई आणि त्याचे उत्तर देण्यात या बायका फार तरबेज झाल्या होत्या. विणकरांच्या संघटनांत पुरुषांपेक्षा स्त्रियाच जास्त होत्या. वर्गणी त्या देत, पण समितीवर आणि चिटणिसाच्या खुर्चीवर पुरुष बसत. मजुरीचा दर संघटना ठरवू शके. कामाचे तास, मुलांचे वय, वाफेचे प्रमाण आणि कारखाना तपासनीस यांचा निर्णय पार्लमेंटमध्ये होई, आणि तिथे जाण्याची वाट मतपेटीतून होती.

नेमका येथेच १९०२ मध्ये एक प्रसंग घडला. बर्नली-नेल्सनजवळच्या क्लिदरो मतदारसंघात पोटनिवडणूक लागली आणि विणकर संघटनेचे डेव्हिड शॅकल्टन मजूर उमेदवार म्हणून बिनविरोध निवडून आले. त्या काळी पार्लमेंटच्या सभासदाला सरकारी पगार नव्हता, त्यामुळे शॅकल्टन यांचा खर्च संघटनेच्या सभासदांनी वर्गणी काढून उचलायचा होता, आणि त्या सभासदांत बहुसंख्या होती बायकांची. ज्याचा पगार आपण भरतो त्याला मत देण्याचा अधिकार आपल्याला नाही, हा मुद्दा मग प्रत्येक फाटकावर मांडला गेला. ‘कर भरतो म्हणून मत द्या’ हा सुखवस्तू बायकांचा जुना युक्तिवाद होता. गिरणीतल्या बाईने त्याला स्वतःच्या वर्गणीच्या पुस्तकाचा पुरावा जोडला. शॅकल्टन यांनी मताधिकाराला पाठिंबा देण्याचे कबूल केले आणि १९१० मध्ये त्यांनी स्त्री-मताधिकाराचे एक विधेयकही मांडले. दुर्दैव असे की त्या विधेयकात मालमत्तेची अट होती, आणि ती पाळली असती तर त्यांना निवडून आणण्याचा खर्च करणाऱ्या बहुतेक विणकर बायका बाहेरच राहिल्या असत्या.

१९०१ चा तो गाजलेला अर्ज कसा तयार झाला?

मँचेस्टरमधील उत्तर इंग्लंड मताधिकार संस्थेच्या चिटणीस एस्थर रोपर यांच्या लक्षात आले की पार्लमेंटला दिलेल्या आजवरच्या अर्जांवर सह्या असतात त्या शिकल्यासवरल्या घरच्या. १८६६ च्या पहिल्या मोठ्या अर्जावर सुमारे दीड हजार नावे होती. तेव्हा फक्त लँकेशायरच्या सुती गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्याच सह्या घ्यायच्या असे ठरले आणि १ मे १९०० रोजी, कामगार दिनाच्या मुहूर्तावर, ब्लॅकबर्नमधील सभेत अर्जाची मोहीम सुरू झाली.

दुपारच्या सुट्टीत आणि सायंकाळी गिरणी सुटताना प्रचारक फाटकाशी उभ्या राहत. पण फाटकावर घाई असे, पाऊस असे, आणि मुकादमाच्या नजरेसमोर सही करायला सगळ्याच तयार होत नसत. म्हणून रात्री घरोघरी जायचे ठरले. स्वयंपाक आटोपून मुलांना झोपवताना, धुण्याच्या ढिगाशेजारी उभे राहून, सही म्हणजे काय आणि ती कोणाकडे जाणार हे समजावून सांगावे लागे. या कामाला ज्या प्रचारक जुंपल्या त्यांतल्या बऱ्याच जणी स्वतः गिरणीत वाढलेल्या असल्यामुळे कोणत्या गल्लीत कोणत्या वेळी जायचे हे त्यांना सांगावे लागले नाही. माझ्या मते या अर्जाचे खरे यश येथेच आहे: अर्ज पार्लमेंटसाठी होता, पण तो करता करता हजारो घरांत पहिल्यांदाच मताविषयी बोलणे झाले.

एका वर्षात २९,३५९ सह्या जमल्या. १९०१ च्या वसंत ऋतूत गिरणी कामगार बायकांचे १५ जणींचे शिष्टमंडळ ती प्रचंड गुंडाळी घेऊन लंडनला गेले. पुढच्या वर्षी यॉर्कशायरच्या लोकर गिरण्यांतूनही असाच अर्ज गेला. पार्लमेंटने काय केले? ऐकून घेतले.

पुढाकार कोणी घेतला?

एस्थर रोपर आणि त्यांची जन्माची सोबतीण एव्हा गोर-बूथ या दोघी गिरणीतल्या नव्हत्या. गोर-बूथ आयर्लंडमधील जमीनदार घराण्यातील कवयित्री. इटलीत रोपर यांची भेट झाल्यावर त्यांनी हवेली सोडली आणि मँचेस्टरच्या धुरकट वस्तीत येऊन कामगार बायकांच्या संघटना बांधल्या. त्यांची बहीण कॉन्स्टन्स मार्केव्हिच १९१८ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आलेली पहिली स्त्री ठरली. आयरिश स्वातंत्र्यवादी असल्याने त्यांनी आसन घेतले नाही, ही गोष्ट वेगळी.

बाकीच्या कामगारच. सेलिना कूपर यांचा जन्म १८६४ चा, कॉर्नवॉलमधला. वडील गेल्यावर आई पोरांना घेऊन उत्तरेला आली आणि सेलिना लहानपणीच अर्धवेळ गिरणीत जाऊ लागल्या. १९०१ मध्ये त्या बर्नलीच्या गरीब-मदत मंडळावर निवडून आल्या. गावातील निराधारांना किती आणि कशी मदत द्यायची हे ठरवणाऱ्या या मंडळावर तोवर व्यापारी आणि पाद्री बसत. तिथे कामगार बाई बसल्यावर मंडळाला बराच त्रास झाला असावा. स्थानिक मंडळांच्या निवडणुकीत बायकांना काही प्रमाणात मत आणि उमेदवारी होती, पार्लमेंटच्या निवडणुकीत नव्हती, हा तिथल्या कायद्याचा विनोद ध्यानात ठेवावा. कूपर यांचे भाषण मोकळ्या मैदानातही शेवटच्या माणसापर्यंत पोचे, आणि १९०६ नंतर राष्ट्रीय महासंघाने त्यांना पगारी प्रचारक नेमले.

बोल्टनच्या सेरा रेडिश यांनीही अकराव्या वर्षी सुताला हात लावला आणि पुढे त्या स्त्रियांच्या सहकारी संघाच्या संघटक झाल्या. १८८३ मध्ये निघालेला हा सहकारी संघ म्हणजे कामगार घरांतील गृहिणींची संघटना. १९११ च्या विमा कायद्यात बाळंतपणासाठी ३० शिलिंगांची मदत आली ती या संघाच्या रेट्यामुळे. आणि ती मदत नवऱ्याच्या नव्हे तर आईच्या हातात पडली पाहिजे, ही दुरुस्तीही त्यांनीच १९१३ मध्ये करून घेतली. एवढ्याशा दुरुस्तीत संसाराची केवढी समज आहे!

एडा नील्ड च्यू यांची कथा गिरणीतली नाही, शिवण कारखान्यातली आहे. १८९४ मध्ये चेशायरमधील क्रू या गावी सैनिकांचे आणि पोलिसांचे गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात त्या काम करीत होत्या. स्थानिक वृत्तपत्रात ‘क्रू गावची एक कारखाना कामगार मुलगी’ अशा टोपणनावाने त्यांनी पत्रे लिहून मजुरीचा हिशेबच छापून आणला: किती तास, किती दर, आणि त्यातून काय काय कापले जाते. जगण्यापुरती मजुरी हा शब्दप्रयोग त्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतो. पत्रे कोणाची हे उघड होताच नोकरी गेली. त्याच वर्षी त्या गरीब-मदत मंडळावर निवडून आल्या आणि १९०० पासून स्त्री कामगार संघटनांच्या फिरत्या संघटक झाल्या.

या स्त्रिया सफ्रजेटांप्रमाणे तुरुंगात का गेल्या नाहीत?

काही गेल्या. ओल्डहॅमजवळच्या अॅनी केनी दहाव्या वर्षी गिरणीत गेल्या होत्या आणि तिथे त्यांचे एक बोटही तुटले होते. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये त्यांनी आणि ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांनी उदारमतवादी पक्षाचे पुढारी सर एडवर्ड ग्रे यांना भरसभेत विचारले की उदारमतवादी सरकार आले तर स्त्रियांना मत देणार का. उत्तर मिळाले नाही. दोघींना बाहेर काढून अटक झाली आणि दंड भरण्याचे नाकारून दोघी तुरुंगात गेल्या. तिथून जहाल मार्ग सुरू झाला. मात्र पँकहर्स्ट यांच्या संघटनेच्या वरच्या फळीत कामगार घरातील केनी या जवळपास एकट्याच राहिल्या.

बाकीच्यांचा हिशेब सरळ होता. तीन दिवस तुरुंगात म्हणजे तीन दिवसांचा खाडा, मागावर दुसरी बाई, आणि घरी मुले कोणाकडे? सभेत आरडाओरड, पोलिसांशी झटापट यांविषयी त्यांना तिटकाराही होता. अब्रूने राहणे ही सुखवस्तू बाईपेक्षा कष्टकरी बाईला फार महाग पडणारी आणि म्हणून फार जपून ठेवलेली गोष्ट असते. १९०६ मध्ये गोर-बूथ यांनी फॉसेट यांना कळवले की या प्रकारांमुळे आपल्या कामगार सहकारिणी अस्वस्थ आहेत, आणि दोन्ही गटांचे मार्ग वेगळे झाले. हॅना मिचेल या शिवणकाम करणाऱ्या कार्यकर्तीला १९०६ मध्ये तुरुंगवास झाला तेव्हा नवऱ्याने दुसऱ्याच दिवशी दंड भरून त्यांना सोडवून आणले, कारण घरी स्वयंपाकाला कोणी नव्हते असे त्यांना वाटले. त्या संतापल्या, पण घरी आल्या.

तुरुंगातही सर्वांना सारखी वागणूक नव्हती. लेडी कॉन्स्टन्स लिटन यांना उपोषण केल्यावर हृदयविकाराचे कारण देऊन सोडण्यात आले. शंका आल्याने त्यांनी जानेवारी १९१० मध्ये स्वस्त कोट घालून जेन वॉर्टन या शिवणकाम करणाऱ्या बाईचे सोंग घेतले आणि लिव्हरपूलमध्ये अटक करवून घेतली. या वेळी हृदय न तपासताच त्यांना नळीने जबरदस्तीने अन्न भरवण्यात आले, तेही अनेकदा. त्यांची प्रकृती पुन्हा सुधारली नाही. या कॉन्स्टन्स म्हणजे हिंदुस्थानचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांची मुलगी: १८७८ मध्ये देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्यांनी आणला आणि १८७९ मध्ये लँकेशायरच्या मालकांसाठी जाड्याभरड्या कापडावरील आयात जकात उठवली, तेच लिटन. बापाने लँकेशायरच्या गिरणी मालकांचे ऐकले, लेकीने कामगार बाईचा कोट घातला.

मजूर पक्षाचे पुरुष तरी पाठीशी होते का?

काही होते. पण येथे एक खरा पेच होता आणि तो केवळ पुरुषांच्या आडमुठेपणाचा नव्हता. त्या काळी पुरुषांनाही सरसकट मत नव्हते. घर, भाडे, मुक्काम यांच्या अटींमुळे सुमारे ४० टक्के प्रौढ पुरुष मतदार यादीबाहेर होते. ‘पुरुषांना आहे त्याच अटींवर स्त्रियांना मत द्या’ अशी मागणी केली तर घर ज्याच्या नावावर त्याला मत, म्हणजे विवाहित कामगार बाईला नाहीच. एडा नील्ड च्यू यांनी १९०४-०५ मध्ये वृत्तपत्रातून ख्रिस्टाबेल पँकहर्स्ट यांच्याशी याच मुद्द्यावर वाद घातला: असल्या विधेयकाने मालमत्तावाल्या बायकांची मते वाढतील आणि ती कामगारांच्याच विरोधात पडतील, असे त्यांचे म्हणणे होते. दुसरीकडे ‘सर्व प्रौढांना मत’ ही घोषणा देणारे कित्येक पुढारी तिचा वापर स्त्रियांचा प्रश्न लांबणीवर टाकण्यासाठी करीत. सेलिना कूपर यांनी हे १९०५ च्या मजूर परिषदेत तोंडावर सांगितले. मर्यादित विधेयक पहिली पायरी म्हणून घ्यावे असे त्यांचे मत होते.

दोघी कामगार, दोघी प्रामाणिक, आणि मते विरुद्ध. माझा कल च्यू यांच्या बाजूने आहे, कारण १९१८ मध्ये जे झाले ते त्यांनी आधीच ओळखले होते. १९१२ मध्ये मजूर पक्षाने स्त्रियांना वगळणारे कोणतेही मताधिकार विधेयक मान्य नाही असा ठराव केला तेव्हा फॉसेट यांच्या महासंघाने मजूर उमेदवारांसाठी निवडणूक निधी उभारला, आणि त्या निधीच्या कामावर कूपर व च्यू दोघीही होत्या.

त्याआधी, १९०६ मध्ये, लँकेशायरच्या बायकांनी कोणत्याच पक्षाची वाट न पाहता विगनमध्ये स्वतःच्या समितीतर्फे थॉर्ली स्मिथ यांना मताधिकाराच्या प्रश्नावर उभे केले. ते पडले, पण दुसरे आले आणि उदारमतवादी उमेदवाराला त्यांनी तिसऱ्या क्रमांकावर ढकलले. ज्यांना मत नाही अशा बायकांनी चालवलेल्या प्रचाराचा हा निकाल आहे.

स्त्रियांच्या संरक्षणासाठी केलेल्या कायद्यांना त्यांनी विरोध का केला?

हा प्रश्न वाचकांना सर्वांत जास्त गोंधळात टाकतो. कामाचे तास कमी झाले, घातक काम बंद झाले, तर बायकांचे भलेच होणार ना? रोपर आणि गोर-बूथ यांचे उत्तर असे होते की ज्या बाईला मत नाही तिच्यासाठी केलेला कायदा तिला विचारून केलेला नसतो, आणि न विचारता केलेल्या भल्यात तिची रोजी जाण्याचा संभव नेहमी असतो.

१९०८ मध्ये सरकारने मद्यविक्रीच्या परवान्यांचे विधेयक आणले आणि त्यात दारूच्या गुत्त्यांत बायकांना काम करण्यास मनाई करण्याची वाट मोकळी ठेवली. हेतू नीतिरक्षणाचा, परिणाम हजारो बायकांची नोकरी जाण्याचा. त्याच वेळी विन्स्टन चर्चिल यांना मंत्रिपद मिळाल्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे मँचेस्टरमध्ये पुन्हा निवडणुकीला उभे राहावे लागले. गोर-बूथ भगिनींनी चार पांढरे घोडे जोडलेली बग्गी गावभर फिरवली. लगाम मार्केव्हिच यांच्या हाती होता. चर्चिल ४२९ मतांनी पडले. त्या पराभवाची इतरही कारणे होती, पण बायकांसंबंधीचे ते कलम पुढे गळले ही गोष्ट खरी.

१९११ मध्ये पाळी आली खाणीच्या तोंडावर कोळसा निवडणाऱ्या विगनच्या बायकांची. जमिनीखाली काम करण्यास स्त्रियांना १८४२ पासूनच बंदी होती. आता वरचे काम बंद करण्याची दुरुस्ती आली. दुरुस्ती मांडणाऱ्यांना त्या कामाची दया येत होती, आणि खाण कामगारांच्या संघटनेतील काही पुरुषांना ती जागा पुरुषांसाठी हवी होती. या बायका लाकडी तळाचे बूट आणि शाली अशा कामाच्या वेषात लंडनला गेल्या, मंत्र्यांसमोर उभ्या राहिल्या आणि आपले दंड दाखवून आपण किती अशक्त आहोत ते पाहून घ्या म्हणाल्या. दुरुस्ती मागे पडली.

सगळ्या कामगार स्त्रियांचे मत असेच होते असे नाही. मेरी मॅकार्थर यांच्यासारख्या संघटक कायद्याने किमान मजुरी ठरवून घेण्याच्या बाजूच्या होत्या आणि १९१० मध्ये क्रॅडली हीथ येथील साखळ्या घडवणाऱ्या बायकांनी त्यांच्या नेतृत्वाखाली दहा आठवडे संप करून कायद्याने ठरलेला तासाला अडीच पेन्स हा दर मालकांकडून वसूल केला. पण बारकाईने पाहिले तर विरोध नाही: तिथे कायदा मजुरी वाढवत होता, विगनमध्ये तो मजुरीच काढून घेत होता.

लंडनमध्ये अशी चळवळ नव्हती का?

होती, आणि ती जास्त धगधगती होती. पूर्व लंडनमधील बो भागात १८८८ मध्ये आगपेटी कारखान्यातील सुमारे १,४०० मुली व बायकांनी संप जिंकला होता. तिथेच सिल्व्हिया पँकहर्स्ट यांनी १९१२ पासून कामगार बायकांची शाखा बांधली. आई आणि बहीण ख्रिस्टाबेल यांना श्रीमंत वस्तीतील पाठिंबा हवा होता, सिल्व्हियांना मजूर चळवळीची साथ सोडायची नव्हती. जानेवारी १९१४ मध्ये त्यांची संघटना मूळ संस्थेतून बाहेर काढली गेली. २० जून १९१४ रोजी सहा कामगार बायका पंतप्रधान अॅस्क्विथ यांच्यासमोर बसल्या. ब्रश बनवणाऱ्या एका बाईने आपण केलेला ब्रश टेबलावर ठेवला आणि तो करण्याचे आपल्याला काय मिळते आणि दुकानात तो कितीला विकतात ते सांगितले. महायुद्ध सुरू झाल्यावर याच बायकांनी नफा न घेता चालणारी खानावळ, खेळण्यांचा कारखाना आणि एका बंद पडलेल्या दारूच्या गुत्त्यात पाळणाघर सुरू केले.

१९१८ मध्ये मत मिळाले ना?

तिशीच्या वरच्या स्त्रियांना, आणि त्याही घर-मालमत्तेची अट स्वतः किंवा नवऱ्यामार्फत पुरी करणाऱ्यांना, मिळाले. पुरुषांना २१ व्या वर्षी सरसकट मिळाले. युद्धकाळात दारूगोळ्याच्या कारखान्यांत राबलेल्या बहुसंख्य मुली तिशीच्या आतल्या होत्या, त्यामुळे त्यांची नुसती स्तुती झाली. मालकाच्या घरी राहणारी मोलकरीण, खोली भाड्याने घेऊन राहणारी एकटी विणकर बाई याही सुटल्या. समान अटींवर मत १९२८ मध्ये आले.

या साऱ्याचा मुंबईच्या गिरणी कामगार बायकांशी काही संबंध आहे का?

लँकेशायर आणि मुंबई यांचा संबंध स्पर्धेचा होता आणि तो मुंबईच्या कामगाराच्या अंगावर कायद्याच्या रूपाने आला. मुंबईच्या गिरण्यांत कामाचे तास अमर्याद असल्याने आपला माल मागे पडतो, अशी तक्रार लँकेशायरचे गिरणीवाले करीत. हिंदुस्थानात १८८१ आणि १८९१ चे कारखाना कायदे आले त्यामागे हा दबाव होता. १८९१ च्या कायद्याने स्त्रियांचे काम दिवसाला ११ तासांवर आणले. पुण्या-मुंबईच्या राष्ट्रवादी वृत्तपत्रांनी त्याला परक्या मालकांचा डाव म्हणून विरोध केला. कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राची भूमिका उलटी होती: डाव कोणाचाही असो, दुपारची सुट्टी आणि आठवड्याची रजा कामगाराला हवीच आहे. १८८४ मध्ये त्यांनी ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले, आणि एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर भरलेल्या सुमारे दहा हजारांच्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणे करून आठवड्याची सुट्टी मागितली. त्याच वर्षी जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. ब्लॅकबर्नच्या अर्जाच्या दहा वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

मताच्या बाबतीत मात्र कथा तीच. मुंबई कायदेमंडळाने १९२१ मध्ये स्त्रियांना मत देण्याचा ठराव केला, पण मालमत्तेची अट कायम राहिली. वाइंडिंग-रीलिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात नगावर काम करणाऱ्या आणि चाळीच्या एका खोलीत राहणाऱ्या बाईला त्याचा काही उपयोग नव्हता. १९२८ च्या सार्वत्रिक संपात उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांनी याच बायकांना संघटित केले. त्याच वर्षी प्रसूती-भत्त्याचे विधेयक कायदेमंडळात आले, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ मध्ये कायदा झाला. पुढच्या दशकांत गिरण्यांमधील बायकांचे प्रमाण घटत गेले. रात्रपाळीची बंदी, नवी यंत्रे, भत्त्याचा खर्च टाळण्याची मालकांची वृत्ती अशी त्याची कारणे सांगितली जातात. विगनच्या बायकांचे भय मुंबईत बऱ्याच अंशी खरे ठरले. मत मिळाले ते राज्यघटनेने, १९५०-५२ मध्ये. तेव्हा अट ना शिक्षणाची राहिली, ना मालमत्तेची.

मत मिळाल्यावर सेलिना कूपर यांनी काय केले?

त्या न्यायदंडाधिकारी झाल्या आणि नेल्सनमध्येच राहिल्या. १९३१ मध्ये मंदीच्या काळात सरकारने बेकारी भत्त्याचे नियम बदलले आणि विवाहित स्त्री खरोखर काम शोधतच नाही असे गृहीत धरून हजारो विणकर बायकांचा भत्ता बंद केला. वर्षानुवर्षे विम्याचे हप्ते भरलेल्या या बायका होत्या. कूपर तेव्हा ६७ वर्षांच्या होत्या. विवाहित बाईच्या कामाच्या हक्कासाठी त्या पुन्हा सभांना उभ्या राहू लागल्या, आणि १९३४ मध्ये जर्मनीत नाझींनी डांबलेल्या स्त्री कैद्यांची परिस्थिती पाहायला गेलेल्या शिष्टमंडळातही त्या होत्या.